आजोबांच्या ट्रंकेतली ‘बकस्किन’: हरणाचं कातडं की कापड?

तापीकाठची:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, समजून घ्या. चोपड्याच्या जुन्या घराची आवराआवर चाललीय, माळ्यावरून आजोबांची लोखंडी ट्रंक काढली. आजोबा फॉरेस्टात होते, यावल-चोपड्याच्या सातपुड्यात घोड्यावरून फिरायचे असं लहानपणापासून ऐकलंय. ट्रंकेत डांबर गोळ्यांचा वास, दोन डायऱ्या, एक शिट्टी, आणि खाली घडी करून ठेवलेली घोड्यावर बसायची ती मांडीला फुगीर आणि पोटरीला घट्ट असते तसली पँट. रंग सायीसारखा, आता पिवळट पडलाय. हाताला एकदम मऊ, जड, आणि विण काही दिसत नाही, म्हणजे मी चष्मा लावून बघितलं तरी धागा असा दिसलाच नाही. सोबत धुळ्याच्या कुठल्या तरी टेलरची पावती आहे, 1951 ची, त्यावर शाईने लिहिलंय "बकस्किन ब्रीचिस, 1 नग".

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. दादा म्हणतो बक म्हणजे हरीण, म्हणजे हे हरणाचं कातडं, जुनं आहे, ऑनलाइन टाकू, चांगले पैसे येतील. काकू म्हणते बक म्हणजे बोकड, सरळ आहे, बोकडाचं कातडं, एवढं काय त्यात. आणि मला भलतीच भीती, की खरंच हरणाचं निघालं तर फॉरेस्टवाल्याच्याच घरात फॉरेस्टची केस व्हायची. गुगल केलं तर कुठे बूट दिसतात, कुठे घोडे दिसतात, कुठे सिनेमातले झालरीवाले जॅकेट. नक्की बकस्किन म्हणजे काय ते कुणी नीट सांगेल का? आणि घरच्या घरी ओळखायचं कसं?

भरीत_पुरी:
ताई सोपं आहे, कोपऱ्यातला एक तुकडा काढा आणि काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला तर कातडं. विषय संपला.

गिरणीकर:
भरीत_पुरी भाऊ, थांबा, विषय उलट तिथेच अडकतो. लोकर जाळली तरी केस जळल्याचाच वास येतो, कारण लोकर म्हणजे मेंढीचे केसच की. कातडं पण प्रोटीन, लोकर पण प्रोटीन. या टेस्टने सुती, टेरिलीन बाजूला काढता येतं, पण कातडं का लोकर हे कळणार नाही आणि ताईंच्या आजोबांच्या पँटीला उगाच भोक पडेल.

मी टेक्स्टाइलवाला आहे, वडील अमळनेरच्या गिरणीत होते. ती गिरणी सुती मालाची, लोकरीशी संबंध नाही, पण कापडाचं वेड घरात होतं म्हणून सांगतो. बकस्किन नावाचं कापड खरोखर असतं. कातड्याच्या ब्रीचिस इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात साहेबलोक आणि घोडेवाले सगळेच वापरायचे, हरणाच्या कातड्याच्या, फिकट रंगाच्या, टिकाऊ. पण ओल्या झाल्या की वैताग, धुवायचा वैताग. मग लोकरीच्या गिरण्यांनी तसंच दिसणारं, तसंच हाताला लागणारं कापड काढलं आणि नावही तेच चिकटवलं. बारीक लोकरीचा धागा, सॅटिन विण, म्हणजे उभा धागा चार आडव्या धाग्यांवरून तरंगत जातो आणि मग एकाखाली बुडी मारतो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग गुळगुळीत. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. हे कापड विणून झालं की साबणाच्या गरम पाण्यात घालून दाबून दाबून कुटतात. लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकत जातात, कापड आटतं, घट्ट होतं, जाड होतं. चुकून मशीनमध्ये गरम पाण्यात टाकलेला स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो ना, तेच, फक्त मुद्दाम आणि मापात केलेलं. नंतर वरून लव उभी करायची, ती एकसारखी कातरायची आणि एका दिशेने बसवायची. एवढं सगळं झाल्यावर विण लवेखाली गाडली जाते. म्हणून तुम्हाला चष्म्यातून धागा दिसला नाही. धागा आहे, झाकलाय.

काय करा, पँटीच्या खालच्या बाजूची दुमड आतून उलटवा, जिथे कापलेली कड शिवणीत लपलीय तिथे बघा. कापड असेल तर सुईने एखादा धागा सुटा होईल. कातड्यातून धागा निघत नाही, फार तर भुसा निघेल. दुसरं, कुठे कसरीने खाल्लेली बारीक गोल भोकं आहेत का? असतील तर बहुतेक लोकर.

सुईदोरा:
गिरणीकरांनी बरोबर सांगितलं. मी चाळीस वर्ष शिवतोय, आता दुकान पोराकडे. आमच्या धंद्यात कापडाच्या नावावर जाल तर फसाल. शार्कस्किन माहितीये ना, आमच्या उमेदीच्या काळात लग्नात नवरदेवाला शार्कस्किनचा सूट म्हणजे काय तो रुबाब, त्यात शार्क मासा औषधाला पण नसायचा. मोलस्किन म्हणजे जाड सुती कापड, मोल म्हणजे बिळात राहणारा चिचुंद्रीसारखा प्राणी, पण त्यात कुठला मोल नि कुठलं काय. डोस्किन म्हणजे हरिणीचं कातडं असा अर्थ पण निघते लोकरच. तसंच हे.

आणि गिऱ्हाईक बकस्किन आणि बकरम यात पण घोळ घालतात म्हणून सांगून ठेवतो, बकरम वेगळं. ते कॉलरमध्ये, पँटच्या पट्ट्यात, पडद्याच्या वरच्या पट्टीत घालतो ते कडक खळीचं कापड. त्याचा बोकडाशी पण नाही आणि हरणाशी पण नाही, नाव बुखारा शहरावरून आलं असं सांगतात.

एक विचारतो ताई, पँटीच्या आतल्या बाजूला, गुडघ्यापाशी, जिथे घोड्याच्या पोटाला पाय घासतो, तिथे वेगळा तुकडा लावलाय का? बघून सांगा. त्याच्यावर पुढचं सांगतो.

समंद_नुकरा:
राम राम. घोडे का दिसले त्याचं उत्तर मी देतो, शहादा तालुक्यातला आहे, सारंगखेड्याची यात्रा आमच्या दारात. बकस्किन हा घोड्याचा रंग आहे. अंग कमावलेल्या हरणाच्या कातड्यासारखं, म्हणजे मधासारखं पिवळसर, पण आयाळ, शेपूट आणि चारी पायांचा खालचा भाग काळा. आपल्याकडे घोड्याचे जुने जाणकार याला समंद म्हणतात. तांबूस अंग आणि काळी आयाळ असली की कुमेत, पांढरा तो नुकरा, ठिपके-पट्टे वाला अबलख, असं सगळं ठरलेलं आहे. कुमेत रंगावर क्रीम नावाचा एक जीन (खोगीर नव्हे हं, आईबापाकडून येणारं जनुक) बसला की तांबडं अंग फिकं पडून पिवळसर होतं, काळं मात्र काळंच राहतं, तोच बकस्किन. एकच जीन पाहिजे, आईबाप दोघांकडून आला तर अंग जवळजवळ सायीच्या रंगाचं होतं आणि डोळे निळसर. पाठीवरून शेपटीपर्यंत गडद रेघ असली तर त्याला इंग्रजीत डन म्हणतात, तो वेगळा जीन, पण आपले लोक त्याला पण समंदच म्हणून मोकळे होतात, भांडायला कोण बसलंय.

दत्तजयंतीला या, एकमुखी दत्ताचं दर्शन पण होईल आणि बकस्किन जिवंत उभा दाखवतो, तापीचं पाणी पिताना. त्याला काडी लावू नका फक्त.

भरीत_पुरी:
झाली चूक भो, आता किती दिवस ऐकवणार 😄

चामडं_आणि_चुना:
इथे कातड्याचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या चामडं कमावणारं, पारोळ्याकडचं. आता कुणी करत नाही, मी स्वतः बँकेत आहे, पण आजोबांच्या हाताला साल आणि चुन्याचा वास यायचा तो अजून आठवतो. आमच्याकडे गायी-म्हशीचं कातडं चुन्याच्या हौदात टाकायचे, केस ढिले पडले की खरवडायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा. एक पद्धत अशी होती की कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं आणि आत सालीचा चुरा आणि पाणी भरायचं, ते पाणी आतून बाहेर पाझरत राहायचं आणि पाझरता पाझरता कातड्याचं चामडं व्हायचं. त्याच चामड्याच्या विहिरीवरच्या मोटा. इंजिनं आली, मोटा गेल्या, त्याबरोबर आमचं कामही गेलं.

खरं बकस्किन याहून एकदम वेगळ्या वाटेने बनतं, आणि ते मी वाचून वाचून शिकलोय कारण मला त्यात आजोबा दिसतात. अमेरिकेतल्या मूळच्या जमाती हरणाचं कातडं ताणून केस खरवडायच्या, आणि नुसते केस नाही तर केसांखालचा चकचकीत गुळगुळीत थर पण काढून टाकायच्या. बुटाला जी चमक असते ती त्या थराची. तो गेला की उरतं ते नुसतं तंतूंचं जाळं, दोन्ही बाजूंनी मऊ लवेचं. मग त्यात त्याच जनावराचा मेंदू कोमट पाण्यात कालवून चोळायचा. वाचून अंगावर काटा येतो, पण त्यात शास्त्र आहे, मेंदूत स्निग्ध पदार्थ असतात आणि ते पाण्यात मिसळायला लागणारं लेसिथिन पण असतं, तेच जे अंड्याच्या बलकात असतं. त्यामुळे तेल तंतूंच्या आतपर्यंत जातं. तिकडे म्हणच आहे की प्रत्येक जनावराला स्वतःचं कातडं कमावण्यापुरता मेंदू असतोच. मग ते कातडं पिळायचं, ताणायचं, परत पिळायचं, पूर्ण वाळेपर्यंत हात थांबवायचा नाही, थांबला की तंतू एकमेकांना चिकटले आणि झालं लाकडाचं फळकूट. सगळी मेहनत या ताणण्यातच.

आणि शेवटचं काम धुराचं. कातड्याची पिशवी करून कुजक्या लाकडाच्या धुमसत्या निखाऱ्यावर धरायची, ज्वाळ नको, नुसता धूर. धुरातल्या अल्डिहाइड नावाच्या रसायनांमुळे तंतू पक्के होतात. धूर न दिलेलं कातडं पांढरंशुभ्र आणि मऊ असतं पण एकदा भिजून वाळलं की कडक. धूर दिलेलं भिजलं तरी थोडं चोळलं की परत मऊ. रंगही धुरामुळेच येतो, मधापासून तपकिरीपर्यंत. समंदवाले म्हणतात तो घोड्याचा रंग मुळात धुराचा रंग आहे बघा.

सिनेमातल्या जॅकेटची झालर नुसती शोभा नाही म्हणतात, पावसाचं पाणी झालरीच्या टोकाकडून निथळून जातं. आणि त्या काळी अमेरिकेत हरणाच्या कातड्यांचा एवढा व्यापार चालायचा की मालाची किंमत कातड्यांत मोजायचे, डॉलरला बक म्हणतात ते त्यातूनच आलं असं बहुतेक लोक मानतात.

काकूंचं पण अगदीच चूक नाही हं. जुन्या इंग्रजीत त्याच शब्दाचा एक भाऊ बोकडासाठीच होता, नंतर नर हरणासाठी पक्का झाला.

तापीकाठची:
बापरे, किती छान माहिती, काकूला वाचून दाखवलं, ती आता दोन दिवस कुणाला ऐकणार नाही.

बरं रिपोर्ट. गिरणीकर दादा, खालची दुमड उलटवली, सुईने टोकरलं आणि धागा निघाला! एक अख्खा, इंचभर, लोकरीसारखा कुरळा. आणि मागच्या बाजूला कसरीची तीन भोकं. म्हणजे कापड. दादाचं तोंड पडलं.

पण सुईदोरा काका, तुम्ही विचारलं ते बघितलं आणि आता परत घोळ. गुडघ्याच्या आत दोन्हीकडे पानाच्या आकाराचा मोठा तुकडा लावलाय, रंग तोच पण जरा गडद. तिथे कितीही टोकरलं तरी धागा नाही. दोन्ही बाजू लवेच्या. कड कापल्यासारखी आहे पण उसवत नाहीये. कसरीने तिथे हात लावलेला नाही.

सुईदोरा:
मला वाटलंच होतं. घोडेस्वारीच्या पँटीला तिथे चामडं लावायची पद्धत आहे, खोगीर आणि पाय यांच्यामध्ये कापड टिकत नाही, एका हंगामात चाळण होते, शिवाय चामड्याने पकड चांगली बसते. म्हणजे तुमच्या आजोबांची पँट बकस्किन कापडाची आणि गुडघ्याला खरं चामडं. टेलरने पावतीवर बकस्किन लिहिलं ते कापडाचं का चामड्याचं, त्यालाच माहिती. तो टाका कसा आहे बघा, हाताचा असेल. चामड्याला जवळ जवळ टाके घालत नाहीत, कागदाला भोकं पाडल्यासारखं तिथूनच फाटतं.

तापीकाठची:
हाताचाच आहे काका, लांब लांब टाके, पण रेषेत एकदम सरळ. पण मग तो तुकडा कशाचा? हरणाचा का?

चामडं_आणि_चुना:
नुसतं बघून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंनी लव म्हणजे वरचा थर काढलेला, पण तसं तर शॅमी लेदर पण असतं, गाडी पुसायला मिळतं ते, ते मेंढीच्या कातड्याला माशाचं तेल पाजून करतात. फिकट पिवळं, मऊ, ताईंनी सांगितलं तसंच. दुसरीकडे इंग्रजांच्या काळात आपल्या जंगलातल्या सांबराच्या कातड्याचे बूट आणि पायपट्ट्या शिकारी लोकांत फार आवडीच्या होत्या, मऊ आणि चालताना आवाज न करणाऱ्या. सातपुड्यात सांबर होतंच. त्यामुळे दोन्ही शक्यता. कातड्यावर केस असते तर ओळखायला वाव होता, इथे केसही नाहीत आणि वरचा थरही नाही. प्राणी नक्की करायचा तर लॅब, डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत असलं काम चालतं.

वनखात्याचा_जावई:
सासरे फॉरेस्टात होते, म्हणून कायद्याचं थोडं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. काळवीट, सांबर, चितळ, सगळे त्याच्या सूचीत आहेत, आणि त्यांच्या कातड्याच्या वस्तूची खरेदी-विक्री बंद. जुनं आहे, आजोबांचं आहे, 1951 ची पावती आहे, याने विकायची सूट मिळत नाही. ज्यांच्याकडे आधीपासून अशा वस्तू होत्या त्यांनी त्या जाहीर करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं, 2003 मध्ये त्यासाठी पुन्हा एकदा मुदत पण दिली होती. वारसाने आलेली वस्तू पण कळवावी लागते. घरोघरी देव्हाऱ्यापुढे मृगाजिन असायचं ना, आमच्याकडे पण होतं, मुंजीत बटूला अजिन द्यायचे ते, त्याच्यावर या कायद्यामुळेच गदा आली. तिथे केस ठेवून वापरायचे आणि बकस्किनमध्ये केस काढून, एवढाच फरक, कायद्याला दोन्ही सारखं.

त्यामुळे दादांना सांगा, बकस्किन शब्द घालून फोटोसकट जाहिरात टाकू नका. कापड असलं तरी नाव वाचून कुणी तक्रार करेल आणि त्या तुकड्यावरून खुलासा देत बसावा लागेल. जवळच्या वन कार्यालयात जाऊन सरळ विचारा, पावती सोबत न्या.

भुसावळ_जंक्शन:
मी मध्येच घुसतो, माझं दुःख वेगळं आहे. मागच्या दिवाळीत भारी बूट घेतले, नुबक म्हणे. मला वाटलं बक आहे म्हणजे हरीणच, शेखी मिरवत फिरलो. मग मळले म्हणून पॉलिश मारलं चांगलं घासून आणि सगळी लव चिकटून बसली, आता डांबर सांडल्यासारखे दिसतात. नंतर कळलं नुबक म्हणजे गायीचंच चामडं, वरची बाजू सँडपेपरने घासून लव आणलेली, आणि स्वेड म्हणजे आतली मांसाकडची बाजू. दोन्हीला पॉलिश चालत नाही, कोरडा ब्रश मारायचा. हे बूट विकतानाच का नाही सांगत कुणी?

चामडं_आणि_चुना:
सांगितलं असतं तर तुम्ही घेतले असते का 🙂 कोरड्या ब्रशने एकाच दिशेने हळूहळू झटका, आणि पाणी, पॉलिश, ऊन तिन्ही लांब. पूर्वीसारखे होणार नाहीत पण घालण्यासारखे होतील.

गिरणीकर:
ताई, पँट कशी ठेवायची तेही सांगतो म्हणजे परत ट्रंकेत कोंबू नका. कापड लोकरीचं आणि तुकडा चामड्याचा, दोघांचे स्वभाव वेगळे. धुवू नका, ड्रायक्लीनला पण टाकू नका, चामड्यातलं तेल निघून जाईल आणि कडक पडेल. सावलीत वारा द्या, मऊ ब्रशने झटका, आपल्या मे महिन्याच्या उन्हात तर अजिबात नको, जळगावचं पंचेचाळीस डिग्री ऊन त्या चामड्याचा पापड करेल. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिक नको. डांबर गोळ्या चामड्याला चिकटू देऊ नका, वेगळ्या पुरचुंडीत ठेवा.

एक शंका मात्र राहते, एवढ्या जाड लोकरीची पँट आपल्या खानदेशात घालायचे कधी?

तापीकाठची:
हे आईला विचारलं. ती म्हणाली आजोबा ती फक्त थंडीत घालायचे, डिसेंबर-जानेवारीत वर सातपुड्यात मुक्काम असायचा तेव्हा, पहाटे घोड्यावर बसलं की गुडघे आखडायचे म्हणे. एरवी खाकी सुती. आणि आईला एक वाक्य आठवलं, आजी वैतागून म्हणायची, "ते कापड नई शे, घोंगडं शे, धोता येस नई, वायता येस नई."

डायरी पण उघडली आज. तुकडा कशाचा हे काही कुठे लिहिलेलं नाही, पण 51 सालच्या डिसेंबरात एक ओळ आहे, "टेलरास 4 रु. बाकी. गुडघा नीट बसला." दादाने जाहिरातीचा विषय सोडलाय. सोमवारी पावती घेऊन वन कार्यालयात जाते, काय म्हणतात ते इथे कळवते.

सुईदोरा:
जरूर कळवा. आणि जमलं तर कमरेचं माप घेऊन टाका, त्या काळचे लोक किती बारीक होते ते पोराला दाखवायचंय.

तापीकाठची:
अठ्ठावीस काका. दादाने घालून बघायचा प्रयत्न केला, मांडीच्या वर गेलीच नाही.